सरनाईक बाईंचा प्रश्नांचा तास

दिल्लीतलं जानेवारीचं ऊन मोठं कंजूष. धुक्यातून गाळून गाळून ते दहाच्या सुमारास आमच्या वर्गात शिरायचं, आणि शिरलं की आधी पडायचं सरनाईक बाईंच्या उजव्या हातावर. खडूची भुकटी त्या हाताच्या रेषांमध्ये कायमची मुरलेली होती. बोलताना तो हात हवेत संथ लयीत फिरे, स्वल्पविरामापाशी किंचित कलंडे, पूर्णविरामाला ठामपणे खाली येई. कारण बाई इतिहास शिकवत नसत, लिहून घ्यायला सांगत. "लिखो," त्या म्हणायच्या, आणि साऱ्या वर्गाच्या माना एकदम खाली जायच्या. पंचवीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मयूर विहारजवळच्या त्या शाळेत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्या आणि मी. बाबांची नोकरी केंद्र सरकारची, माझा जन्मच दिल्लीतला. माझी मराठी घराच्या चार भिंतींपुरती, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. सगळे त्यांना मॅम म्हणत. मी मात्र कॉरिडॉरमध्ये गाठून हळूच 'बाई' म्हणायचे, आणि त्या दोन अक्षरांनी त्यांच्या श्रांत मुद्रेवर जी प्रसन्नता उमटे ती वर्गात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आली नाही. मला त्याचा केवढा माज होता!

आम्ही नववीत गेलो त्या वर्षी दिवाळीनंतर वरून आदेश आला, की शिक्षकांनी कमी बोलावं, मुलांनी प्रश्न विचारावेत, उत्तरं मुलांनीच शोधावीत. "म्हणजे आता मी काय तोंडात मिठाची गुळणी धरून बसू?" बाई माझ्यापाशी फणकारल्या. पण स्वभाव असा, की करायचं तर जीव ओतून. ओठांवर आलेलं उत्तर त्या गिळत. रिकामा पडलेला हात शालीचं टोक पिळत बसे. आणि वर्गात पसरलेली ती निःशब्दता, बाहेरच्या धुक्यासारखीच दाट, त्यांना सोसत नसे. "पूछो ना, कुछ भी पूछो," त्या काकुळतीला येत. त्यावर शेवटी कुणीतरी विचारी, "मॅम, एग्ज़ाम में आएगा?" आम्ही फिदीफिदी हसायचो. आज ते हसू आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

मग पानिपताचा धडा आला. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'हम क्यों हारे?' मागच्या बाकावरची सीमा उभी राहिली. "मॅम, 'हम' मतलब कौन? मेरे नाना का घर तो वहीं पानीपत में है, काला अंब के पास. हम तो कहीं गए ही नहीं थे लड़ने."

बाई फळ्याकडे बघत राहिल्या. आता सीमाची खैर नाही, असं आम्हाला वाटलं. पण त्या वळल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत एक अनोळखी, कोवळं कुतूहल होतं. "पता नहीं, बेटा. पच्चीस साल में मैंने यह सोचा ही नहीं. चलो, ढूँढते हैं." आणि त्या चक्क सीमाशेजारी बाकावर येऊन बसल्या. त्या दिवसापासून वर्गाला कंठ फुटला. प्रश्नांचे लोट येत, वेडे, उद्धट, विलक्षण सुंदर. आणि प्रत्येक प्रश्नापाशी बाई अशा झटत, जणू त्यांचीच उद्या परीक्षा आहे. मी त्यांना इतकं आनंदी कधीच पाहिलं नव्हतं.

मार्चमध्ये फॉर्म आले. मॅमचं शिकवणं कसं वाटतं ते लिहा, नाव घालू नका, भाषा कुठलीही चालेल. बाई मला म्हणाल्या, "मुलांना काय वाटतं तेवढंच मला बघायचंय. जमत नसेल मला हे, तर आपलं 'लिखो'च बरं." म्हणून मी ठरवलं की आपण मराठीत लिहायचं. सबंध वर्गातून एकच मराठी फॉर्म. नाव नसलं तरी बाई ओळखणारच. मेहनत हा शब्द मला फार साधा वाटला. हिंदीच्या पुस्तकात 'चेष्टा' होता, भारदस्त, संस्कृत. चेष्टा म्हणजे जिवापाड प्रयत्न. संस्कृत आहे म्हणजे मराठीतही तोच असणार! वळणदार अक्षरात मी लिहिलं, 'बाई आमच्या प्रत्येक प्रश्नावर चेष्टा करतात. अशी चेष्टा दुसरं कोणीच करत नाही.'

बाईंनी फॉर्म वर्गातच वाचले. माझा त्यांच्या हातात आला तेव्हा मी त्यांच्याकडे टक लावून बघत होते. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. तास संपल्यावर कॉरिडॉरमध्ये माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "खरं लिहिलंस. बरं केलंस." मी तरंगतच घरी गेले.

एप्रिलमध्ये दहावीचा पहिला तास. "लिखो," बाई म्हणाल्या. सीमाने हात वर केला. "पहले लिख लो," त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या. बोर्डाचं वर्ष म्हणून असेल, असं आम्ही समजलो.

मे महिन्यातल्या एका होरपळत्या दुपारी आई गवार निवडत होती. मी म्हणाले, "आई, बाई आता पहिल्यासारखी चेष्टा नाही करत."

"चेष्टा? सरनाईक बाई कुणाची टिंगल करायच्या?"

"टिंगल नाही गं, चेष्टा. म्हणजे कोशिश."

आईचा हात थांबला. "अगं माझे आई! मराठीत चेष्टा म्हणजे टिंगलच. कुठे बोलली नाहीस ना हे?"

"नाही," मी म्हणाले.

बाईंना हिंदी काय कमी येत होती? माझं वाक्य त्यांनी हिंदी समजून वाचलं असतं, तर सगळं निभावलं असतं. पण मी मराठीत लिहिलं होतं, आणि माझ्या मराठीवर त्यांचा विश्वास होता. जुलै, ऑगस्ट, सगळं वर्ष मी पहिल्या बाकावर बसून त्यांनी सांगितलेलं उतरवून घेतलं. रोज ठरवायचे, आज सांगू. रोज तास संपला की वही मिटून बाहेर पडायचे. त्यांनी मला प्रश्न विचारायला शिकवलं होतं, पण या लिहिण्याचा अर्थ काय, हे त्यांनी मला विचारलं नाही; आणि तुम्हाला काय वाटलं, हे मी त्यांना विचारलं नाही. त्या निवृत्त झाल्या, तेव्हाच्या निरोपसमारंभात मी जवळ गेले, वाकून नमस्कार केला. "बोल," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "तब्येतीची काळजी घ्या, बाई."

त्या साताऱ्याकडे राहायला गेल्या. यंदाच्या हिवाळ्यात त्या वारल्या, असं आईला कुणीतरी कळवलं. माणूस गेलं की आठवणी मागे राहतात, म्हणतात. पण अर्ध्याच राहतात. बाईंची आठवण माझ्याजवळ आहे, माझी आठवण त्या बरोबर घेऊन गेल्या, आणि तिच्यातली ती एक चूक दुरुस्त करायला आता कुठे जागा नाही.