आहेराच्या साडीतली चिप

अमरावतीच्या राजापेठेतलं भगवंतरावांचं साड्यांचं दुकान छान चाललं होतं आणि त्यांच्या मुलाला, पियुषला, तेच खटकत होतं. छान चालतं, पण का चालतं ते इथे कोणालाच सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं. तो पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आला होता. दुकानात माल किती, असं त्यानं विचारलं की भगवंतराव कपाटांकडे हात करून बघायला सांगत, "हा पाय ना, याच्यात काय विचारतं?"

दर दिवाळीला माल मोजला की काही साड्या कमी भरत. त्या कुठे जातात हे भगवंतरावांना पक्कं ठाऊक होतं. नात्यात लग्न निघो की बारसं, त्यांच्या पत्नी मैनाबाई दुपारी डबा घेऊन येत आणि जाताना पिशवीत एखादी साडी टाकून नेत. याला घरात आहेर म्हणत. पियुष त्याला गळती म्हणू लागला.

गळती थांबवायला चिप आली. प्रत्येक साडीच्या खोचायच्या टोकाला एक बारीक कापडी पट्टी शिवायची, पट्टीत चिप. हातातलं यंत्र कपाटासमोरून फिरवलं की आतल्या साऱ्या साड्या घडी न मोडता मोजल्या जात. काउंटरवर एक पडदा बसवला. साडी त्याच्या समोर धरली की तिची सगळी कुंडली पडद्यावर उमटे आणि यंत्रातली एक बाई ती शुद्ध पुणेरी मराठीत वाचूनही दाखवी. भगवंतरावांनी नारळ फोडला, यंत्राला कुंकू लावलं आणि आपल्याला यातलं काही कळत नाही याचं त्यांना मनातून बरं वाटलं.

पियुषचा नियम एकच होता. दुकानाबाहेर गेलेल्या प्रत्येक साडीला कारण हवं. भाऊबीजेच्या आधी मैनाबाई साडी घेऊन निघाल्या, तेव्हा त्यानं आईलाही थांबवून विचारलं, कोणासाठी आणि हीच का? मैनाबाईंनी खरं ते सांगितलं. साडी नणंदेसाठी, अकोल्याच्या शकुनबाईंसाठी. शेवाळी रंगावर नारिंगी बुट्टे, कोणी हात लावायला तयार नाही, मग पडून राहण्यापेक्षा दिलेली बरी. पियुषनं शब्दन् शब्द यंत्रात भरला. खोटं तर काही नव्हतं.

शकुनबाईंनी ती साडी भावाच्या घरी डोळ्यांना लावली, अकोल्याला नेली आणि घडीसुद्धा न उलगडता पुढे दिली. दिली ती आपल्या विहिणीला, मुलगी करिश्मा हिच्या सासूला. या केशरबाई शेंदूरजनाघाटच्या, संत्र्याच्या बागावाल्या. खास तुमच्यासाठी भावाच्या दुकानातून निवडून आणली, असंही शकुनबाई बोलून गेल्या. केशरबाईंनी ते मनावर घेतलं. रंग अंगाला शोभत नाही, तर तुमच्या भावाकडूनच बदलून घेऊ, म्हणून त्या विहिणीला सोबत घेऊन राजापेठेत आल्या. शकुनबाईंना नाही म्हणता येईना. भावाला साडी ओळखू येणार नाही, पुरुषांना येत नसतेच, या भरवशावर त्या आल्या. आणि त्याच वेळी मैनाबाई डबा घेऊन दुकानात होत्या.

भगवंतरावांना खरंच साडी ओळखू आली नाही. बहीण विहिणीला घेऊन आली म्हणून ते हरखले होते. चहा सांगितला, गादीवर बसवलं आणि आपल्याकडची नवी सोय दाखवावी म्हणून साडी स्वतःच्या हातांनी पडद्यासमोर धरली.

"नमस्कार," यंत्रातली बाई म्हणाली. "ही साडी न खपणाऱ्या मालातील आहे. विल्हेवाट, घरगुती आहेर. कोणास दिली, शकुनआत्या, अकोला. धन्यवाद."

चहा आला तेव्हा तो घ्यायला कोणी हात पुढे केला नाही. केशरबाईंनी विहिणीकडे पाहिलं, विहिणीनं भावजयीकडे, आणि मैनाबाई डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा लावू लागल्या. पियुष तेवढा यंत्राकडे कौतुकानं पाहत होता. एकही अक्षर चुकलं नव्हतं.

शकुनबाई न जेवता अकोल्याला गेल्या. गोष्ट मात्र अमरावतीतच राहिली आणि फिरली. या दुकानातली साडी पुढे कोणाला दिली की ते कळतं, अशी बायकांची खात्री झाली. जी साडी पुढे देता येत नाही ती आहेराला काय कामाची? ऐन लग्नसराईत गिऱ्हाईक रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जाऊ लागलं. समोरच्यानं दारावर पाटीच लावली, आमच्या साडीत काही नाही. इकडे पियुष रोज संध्याकाळी यंत्र फिरवी आणि हिशेब तंतोतंत जुळल्याचं वडिलांना आनंदानं सांगे. जुळणारच होता. काही विकलंच जात नव्हतं.

शेवटी भगवंतराव बहिणीची समजूत काढायला अकोल्याला गेले. जठारपेठेतल्या घरी शकुनबाईंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि समोर बसल्या. मग भगवंतरावांनी, तुझ्या वहिनीचं चुकलं, अशी सुरुवात केली.

"वैनीचं काही चुकलं नाई, दादा," शकुनबाई म्हणाल्या. "खपत नाई थेच साडी देतेत, मले का मालूम नाई? मी बी तेच करतो. पन वैनीनं हासून देल्ली, मी हासून घेतली. तुया मशीनले हासता येत नाई, तं त्याले बोलाले काहून लावतं?"

बहिणीनं वाढलेलं बेसन-भाकर भगवंतराव पोटभर जेवले आणि निघताना त्यांना पुष्कळ हलकं वाटलं.

अमरावतीला येताच त्यांनी दुकानात पहिल्यांदा आवाज चढवला. यंत्रातली बाई गप्प करायची आणि विकलेल्या साडीची पट्टी गिऱ्हाइकासमोर कात्रीनं कापायची. पियुष म्हणाला, मग गेलेला माल पुढे कुठे गेला ते कसं कळणार?

"गेला तं गेला. त्याच्या मांगं मांगं आपन काहून जायचं?"

कात्रीची बातमी पसरायला वेळ लागला नाही. पण दुकान पुन्हा भरलं ते केशरबाईंमुळे. त्यांनी एक दिवस मैनाबाईंना फोन केला. मैनाबाईंनी घाबरतच उचलला. केशरबाईंना दोन नणंदा होत्या आणि वास्तुपूजा तोंडावर आली होती. न खपणाऱ्या साड्यांचा वेगळा ढीग करता का तुम्ही, असं त्यांनी विचारलं, तसल्याच दाखवा, भाव नीट लावा. पाठोपाठ त्यांच्या भावकीतल्या बायका आल्या, मग बाळापूरच्या, मग दर्यापूरच्या. चांगली साडी नको, आहेराची दाखवा, असं त्या मोकळेपणानं मागत. वर्षानुवर्षांचा पडून राहिलेला माल त्या लग्नसराईत निघून गेला.

पियुषला अकोल्याच्या व्यापाऱ्यांनी भाषणाला बोलावलं. चिप लावताच न खपणारा माल शून्यावर आला, हे त्यानं रंगीत तक्त्यांसह पटवून दिलं. पहिल्या रांगेत शकुनबाई भावाशेजारी बसल्या होत्या. टाळ्या थांबल्यावर त्यांनी वाकून विचारलं, पोरगं नेमकं काय म्हणून राहिलं?

भगवंतराव म्हणाले, "तुई तारीफ करून राहिला," आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागले.