हातावर उमटलेलं सूत्र

“महाराज, राख चोळण्याआधी तुमच्या हाताला जरा खोबरेल लावू का?”

मनालीने विचारलं आणि अख्खं मंगल कार्यालय माना उंचावून बघू लागलं. पैज तिची मैत्रीण महरीन हिची. “एवढी शहाणी आहेस ना, मग भर सभेत विचारून दाखव गो!” मनालीची जीभ सुटली ती सुटलीच.

सीईटीला आठवडा उरला होता. अर्ध्या रत्नागिरीतली बारावीची पोरं आईबापांसकट सूत्रानंद महाराजांपुढे बसली होती. भक्ताने मडक्यातून गणिताच्या सूत्राची चिठ्ठी उचलायची, मनात वाचायची, जाळायची. महाराज ती राख कोपराखाली चोळणार आणि तेच सूत्र काळ्या अक्षरांत हातावर उमटणार! “बाळांनो, पाठांतर हा देहाचा शीण. सूत्र रक्तात उतरलं पाहिजे.” ते उतरायचं देवरुखच्या मठात, परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत, पुस्तकाला हात न लावता. मनालीची पिशवी आईने भरूनही ठेवली होती.

पण काल फणस चिरताना आई हाताला तेल लावायचं विसरली. मग चूल सारखी करताना चिकावर राख अशी काही बसली की साबणाने निघेना. मनाली तो हात बघतच राहिली. आज चिठ्ठी उचलायला ती मुद्दामच मंचावर धावली होती.

“तेलाने लहरी तुटतात, मुली,” महाराज गोड हसले.

“तुटू देत की. आमच्याकडे फणस चिरताना सगळेच लावतात. चीक चिकटत नाही.”

मागे कोणीतरी खुदकन हसलं. महाराजांनी बाही खाली ओढली, ती मध्येच हाताला चिकटून बसली.

“नास्तिक कार्टी! उतरवा हिला!”

“उतरते. आधी माझा चमत्कार बघा.” मनालीने ताटलीतली राख आपल्या हातावर चोळली. ठळक अक्षरं उमटली: ‘फणस’. सकाळीच महरीनने काडीने चीक लावून लिहिलं होतं. हशा उसळला.

“पण चिठ्ठी कोणती ते त्यांना कसं कळायचं?” पहिल्या रांगेतून मनालीचे पपा उठले.

महरीनने मंचावर चढून मडकंच उपडं केलं. दोघी एकेक चिठ्ठी उलगडत गेल्या. साइन टू ए. साइन टू ए. पुन्हा साइन टू ए!

“रोजच्या सभेला नवं सूत्र, पण मडकंभर एकच! तेच आधी चिकाने हातावर लिहून यायचं!” महरीन ओरडली. महाराज मागच्या दाराकडे सरकू लागले होते.

“अगो, पण ऐन पेपरात सूत्र विसरलीस तर?” आईचा जीव अजून खालीवर होत होता.

“तिथेच बनवीन. साइन ए प्लस बीच्या सूत्रात बीच्या जागी ए घातला की दोन ओळींत साइन टू ए तयार. कोणीही करून बघावं! जे करूनच बघू देत नाहीत, ते खरं का मानायचं?” मनालीने दम घेतला. “आई, पपा, मी देवरुखला जाणार नाही. पिशवी रिकामी करा. आणि घरी गेल्यावर आधी खोबरेल द्या, हा ‘फणस’ पुसून मला गणितं सोडवायला बसायचंय.”