शंख खाली धरलेला वारा

बोरेआस नीट उतरला, तर झेफिरोसही आपल्यालाच मिळणार, असा म्हाताऱ्या पाथरवटाचा, मीकिओनचा, सरळ हिशेब होता. नव्या अष्टकोनी मनोऱ्याच्या आठ बाजूंना आठ वारे कोरायचे होते. त्यातला झेफिरोस म्हणजे पश्चिमेचा वारा, ओच्यात फुलं घेऊन निघालेला देखणा तरुण. डोळे पुरते अधू होण्याआधी मीकिओनला ती फुलं कोरायची होती. त्याआधी हा बोरेआस: दाढीवाला, जाड झग्यातला, तोंडाला शंख लावून फुंकणारा उत्तरेचा वारा.

जुन्या कथेत अथेन्सची राजकन्या त्याने पळवली, तेव्हापासून सगळं शहर त्याला जावई म्हणतं.

"जावयाचं कुठवर आलं, म्हातारबुवा?" शेजारचा पाथरवट विचारायचा.

"दाढी झाली. आता रुसवा कोरतोय."

दुपारी लेक, लिसिला, भाकर आणि ऑलिव्ह घेऊन आली. तिचा नवरा पातैकोस खलाशी. वीस दिवस उत्तरेचा वारा समोरून झोडपत होता. ऱ्होड्सहून घराकडे दोन जहाजं निघालेली, त्यातल्या एकावर तो; कीथ्नोस बेटाच्या आडोशाला एकच पोहोचलं. कुठलं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

लिसिला मूर्तीकडे बघत राहिली. "बाबा, याला अजून फुंकायला लावताय?"

"आराखड्यात तसंच आहे, पोरी."

"मग पुरवा याचे लाड. तुमचा जावई तिकडे समुद्रात आहे."

तोच जावई, ज्याला मीकिओन 'पंगतीला हजर, कामाला गायब' म्हणायचा. लेक गेल्यावर त्याने छिन्नी उचलली. शंख कोरायचा बाकी होता. तोंडापुढचा दगड त्याने उडवला आणि शंख खाली, हातात दिला.

"जावईबापू, घटकाभर दम घ्या," तो पुटपुटला.

संध्याकाळी मुकादम ग्लाउकियास कडाडला, "उडवलेला दगड परत चिकटतो का रे? झेफिरोस आता दुसऱ्याला!"

"बरोबर आहे तुमचं," मीकिओन म्हणाला.

चौथ्या दिवशी वारा पडला. सहाव्या दिवशी पातैकोस दारात उभा. ओठ फुटलेले, आणि पहिला प्रश्न, "जेवायला काय आहे?" मीकिओनने आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हाताने वाढलं.

लिसिलाला नवरा मिळाला, पातैकोसला घर, शहराला जरा शांत जावई. झेफिरोस शेजारच्या पाथरवटाने कोरला. घासून गुळगुळीत करायचं काम तेवढं मीकिओनकडे आलं.

"वाईट नाही वाटत, म्हातारबुवा?"

"कसलं वाईट? घरी एक ताट जास्त लागतंय."

फुलांच्या खाचांत भुकटी अडकली होती. ती त्याला दिसत नव्हती, बोटांना लागली. त्याने वाकून हलकेच फुंकर घातली.