डब्याला झालेलं सूर्यदर्शन

त्या चातुर्मासात मी नेम धरला होता, सूर्याचं दर्शन झाल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिलं, त्याच्या पुढचाच तो श्रावण. सूर्यनारायण मात्र कोणत्याच राज्यात दिसेना. दोन दिवस आभाळ गच्च. माझं निभलं असतं, पण सासूबाईंनीही ताट सरकवलं. "सून उपाशी, आन मी भाकर मोडू?" सत्तरीच्या जीवाला माझ्या नेमापायी उपास! देवापुढे बसले की मला रडू येई.

तिसऱ्या दिवशी नागपंचमी. सकाळी हे बगिच्यातून आले ते संत्र्याच्या झाडात अडकलेला एक पांढरा डबा घेऊन. त्याला कागदी छत्री आणि फाटक्या रबराची लक्तरं. माझे धाकटे दीर प्रभाकरभाऊजी सौसरला शाळेत विज्ञान शिकवत, ते सणाला आले होते. त्यांनी डबा उलटसुलट पाहिला.

"वहिनी, हा हवामानवाल्यांचा. नागपूरहून रोज सकाळी फुग्याले बांधून सोडतेत. ढगाच्या पार वर जाते आन तिथलं तापमान रेडिओनं खाली कळवते. आधी थंडी वाढत जाते, आन लयच वर गेलं का हवा पुन्हा गरम होत जाते."

"गरम कायनं?" सासूबाईंनी विचारलं.

"सूर्यानं, आई."

सासूबाई ताठ बसल्या. "म्हणजे यानं सूर्य पाह्यला! सूनबाई, याच्या पाया पड आन पानं वाढ."

"मुंबई राज्याचा डबा हाय," हे मिशीत हसले. "तिकडचा सूर्य इथं चालन का?"

"तू चूप बस. तू तं दोन्ही दिवस जेवून राहिला."

मी हळूच म्हटलं, "भाऊजी, पण हा कालचा असन तं? शिळं दर्शन मले नाही चालत."

मी डब्यावर हात फिरवला. रात्रभर पाऊस झाला होता आणि डबा कोरडा. म्हणजे पाऊस थांबल्यावरच उतरलेला. ताजाच होता!

डबा पाटावर बसवून मी हळदकुंकू वाहिलं. भाऊजी कळवळले. "वहिनी, तो हवामानवाल्यांले परत पाठवा लागते!"

"पाठवा ना. पाहुण्याले रित्या कपाळानं धाडतेत का?"

सासूबाई पोटभर जेवल्या. मग मी जेवले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ढग. सासूबाई घरात दिसेनात. मी घाबरून बगिच्यात गेले, तर त्या काठी टेकत एकेका झाडाखाली उभ्या राहून वर पाहत होत्या.

"काय शोधून राहिल्या?"

"आजचा कोठी पडला, ते पाहून राहिली."