एकशे नव्वदचा पारा

मित्रांनो, मी पाऱ्याचे एक जुने रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे. लोकांनी मला खोटे ठरवले, तरी मी कधी आकडा बदलला नाही.

कारखान्यात माझ्या काचेच्या नळीत पारा भरला गेला आणि १९९४ साली मी साखऱ्याजवळच्या आरोग्य उपकेंद्रात आले. तिथल्या नर्स इशरत सिस्टर मला पिशवीत घालून बंजाऱ्यांच्या वस्त्यांवर, तांड्यांवर नेत. पारा चढू लागला की लेकरे टक लावून बघत. मला अभिमान वाटे.

एकदा वसराम समोर बसला. कापसाचे गाठोडे एकटा उचलणारा गडी! पण माझा पारा बोलला : वरचा आकडा एकशे नव्वद, खालचा एकशे दहा.

"मला कायबी तकलीफ न्हाई. तुमचं मशीनच बिघडलंय," तो हसला.

मला फार राग आला. सिस्टरांनी लगेच त्याच्या बायकोच्या, मिराबाईच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे वीस!

सिस्टर म्हणाल्या, "मशीन बराबर हाय, दादा. काहून हट्ट करून राहिले? रक्ताचा जोर वाढला की नसा ताठ होतात, हृदय थकतं, मूत्रपिंड, डोळे खराब होतात. मेंदूतली नसबी फुटते. अन् आधी दुखत काहीच न्हाई. मीठ कमी करा, तंबाखू सोडा, रोज गोळी घ्या."

वसरामने महिनाभर गोळ्या घेतल्या. बरे वाटते म्हणून मग सोडल्या. चटणीवर वरून मीठ आणि गालात तंबाखू चालूच राहिली.

दोन वर्षांनी पेरणीत त्याच्या हातातून तिफण सुटली. तोंड वाकडे झाले. मिराबाईने त्याला जीपमध्ये घालून हिंगोलीला नेले. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला.

तांड्यात कुजबुज सुरू झाली, कुणीतरी करणी केली म्हणून. मिराबाई भडकली. तिने सिस्टरांना आणि मला थेट तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या ओट्यावर आणले.

"करणी न्हाई! औषध सोडलं म्हणून झालं हे. समद्यांनी मोजून घ्या!"

"बाईनं असं बोलू न्हाई," धर्मसिंग नायक गुरगुरला.

"माझ्या घरात झालंय. मीच बोलनार!"

तेवढ्यात वसराम काठी टेकत आला. त्याने डावा हात पुढे केला. जड जिभेने म्हणाला, "मशीन... खरं व्हतं. आधी... माझं मोजा."

त्या दिवशी एक्केचाळीस दंड मोजले गेले. सात जणांचा दाब जास्त निघाला. त्यांत धर्मसिंगही होता. मिराबाईने त्याच्या घरी जाऊन सिस्टरांनी दिलेल्या गोळ्यांची पुडी त्याच्या सुनेच्या हाती दिली.

आता बटणाचे नवे यंत्र आले आहे आणि मी कपाटात आहे. त्याचे मला दुःख नाही. पण मित्रांनो, माझ्यातला पारा विषारी आहे, मला उकिरड्यावर फेकू नका. आणि घरातला कुणी धडधाकट माणूस "मला काय झालंय?" म्हणून ओरडला, तरी घाबरू नका. त्याचा हात धरा आणि मोजायला बसवा.