आप्पांच्या नावाचं टपाल

थैलीतून रजिस्टर पाकीट निघालं, त्यावरचं नाव हिलाल आप्पांनी वाचलं आणि पाकीट टेबलावर पालथं घातलं. मग बाकीचं टपाल लावून घेतलं. दोन आधार कार्डं, विम्याची एक नोटीस, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दुकान लावणाऱ्या कुणाची तरी बिलं. सगळं संपल्यावर ते पालथं पाकीट सरळ करणं भागच होतं. श्री. हिलाल सुकलाल पाटील, डाकसेवक, तालुका शहादा. पाठवणारी बँक.

हे चौथं. आप्पांनी निळं पेन काढलं आणि पाकिटाच्या कोपऱ्यात सुरेख, गोलाकार अक्षरात लिहिलं: 'घेण्यास नकार'. खाली तारीख, त्याखाली सही. म्हणजे टपाल देणारे हिलाल पाटील टपाल घेणाऱ्या हिलाल पाटलांकडे गेले, त्यांनी ते घेतलं नाही, म्हणून परत. तसं पाहिलं तर हसण्यासारखंच होतं सगळं. पण आप्पांनी मारलेला शिक्का नीट उठलाच नाही, दुसऱ्यांदा मारावा लागला.

एकतीस वर्षं नोकरी झाली. या एकतीस वर्षांत आप्पांनी एकाही पाकिटावर खोटा शेरा मारला नव्हता. तापी फुगली की लोक शेताकडच्या वस्तीवर राहायला जात, तिथवर चिखल तुडवत जाऊन ते मनीऑर्डरी पोचवत. 'घरी नाही असं लिहून टाका ना आप्पा,' असं नोटीस चुकवायला गयावया करणारे कितीतरी भेटले, पण आप्पा बधले नाहीत. आणि आता स्वतःचंच टपाल ते स्वतःच्या हातानं परत पाठवत होते, तेही भाच्याच्या सांगण्यावरून.

कर्ज कसं झालं, ते साधं आहे. तीन वर्षांपूर्वी आप्पांच्या बायकोचं, कौसाबाईंचं, खुब्याचं हाड मोडलं. सुरतेला ऑपरेशन झालं. बँकेनं आप्पांना पगारावर तीन लाख दिले. ना घर गहाण, ना जामीन, नुसत्या सह्या. सुरुवातीला हप्ता निघाला. मग औषधं, मालीश, परत सुरत. एक हप्ता चुकला, दुसरा चुकला, आणि कुठल्याकुठल्या नंबरांवरून फोन सुरू झाले. एक जण तर पोस्टाच्या दारात उभा राहून चार लोकांसमोर म्हणाला, की सरकारी माणूस असून पैसे बुडवता. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. वय बासष्ट. पासष्टला घरी बसायचं, डाकसेवकाला पेन्शन नाही. त्याच्या आत हे कर्ज सुटलं नाही, तर कौसाबाईंना घेऊन कुणाच्या दारात जायचं, हा एकच प्रश्न त्यांना दिवसरात्र खात होता.

अशा वेळी नवनीत आला. आप्पांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, पुढची दोन वर्षं आप्पांच्याच घरात वाढला. कौसाबाईंनी त्याला स्वतःच्या ताटातलं वाढलं. आता विसरवाडीला हायवेलगत त्यानं गाळा घेतला होता, बाहेर पाटी: 'कर्जमुक्ती सल्ला केंद्र'. मुख्य कंपनी सुरतेची. अंगात पांढरा शर्ट, हातात दोन मोबाईल.

त्यानं ओट्यावर बसून सगळं समजावलं. बँकेला तारण काही दिलेलं नाही ना? मग बँक काय उचलून नेणार? आपण हप्ता थांबवायचा. तोच पैसा, थोडा कमी करून, दरमहा सहा हजार, कंपनीत साठवायचा. तिकडे बँक चार-सहा महिने आरडाओरडा करते, मग थकते, मग हे खातं बुडालंच असं धरून चालते. तेव्हा कंपनीचे वकील जाऊन बोलतात आणि निम्म्यात, कधी निम्म्याच्याही आत, तोडपाणी करून आणतात. साठलेली रक्कम एकदम भरायची की खातं बंद. पुढे काही वर्षं नवं कर्ज मिळत नाही, पण या वयात नवं कर्ज हवंय कुणाला?

"मामा, आजपाईन बँकले एक रुपया देवाना नही," नवनीत म्हणाला. "फोन उचलाना नही, कागद लेवाना नही. बाकी मी शे ना."

कागद घेतला तर नोटीस पोचली असं कोर्टात धरतात, हे त्यानं दोनदा बजावलं. आप्पांनी मान हलवली. कुठंतरी खटकलं होतं, नाही असं नाही. पण आप्पांच्या घरात मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत. दिवाळीला, लग्नकार्याला, तो दारात आला की आप्पा वाकत. ज्याच्या पायाला हात लावायचा, त्याच्याकडे पावती कशी मागायची? त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? आप्पांनी त्यानं दाखवलं तिथं सह्या केल्या. पानं नऊ होती, सगळी इंग्रजीत.

तेव्हापासून दर महिन्याच्या सात तारखेला सहा हजार जात. बँकेचं पाकीट आलं, की आप्पा त्याचा फोटो नवनीतला पाठवून विचारत, 'लेऊ का?' लगेच उत्तर येई, 'नका लेऊ मामा. परत धाडा.' तीन वेळा असंच झालं. हे चौथं.

चौथ्या पाकिटानंतर दहाव्या दिवशी बँकेचं माणूसच आलं. आप्पांना वाटलं होतं, पुन्हा एखादा दांडगा गडी असेल. आली ती तिशीतली एक मुलगी, यामिनी वळवी, बँकेच्या वसुली विभागातली अधिकारी. आवाज चढवला नाही, पाणी मागून प्यायली, आणि पिशवीतून चार पाकिटं काढून टेबलावर ओळीनं मांडली. चारही न फोडलेली.

"काका, हे अक्षर कोणाचं?"

आप्पांनी खाली पाहिलं. सांगायची गरजच नव्हती, समोरच्या नोंदवहीत तेच अक्षर होतं.

यामिनीनं तिसरं पाकीट उचललं आणि म्हणाली, तुमचंच आहे, फोडा. आप्पांनी कात्रीनं कडेनं फोडलं. एकच पान, मराठीत. लोकअदालतीनिमित्त बँक आपणांस एकरकमी परतफेडीची सवलत देत आहे. अठ्ठ्याऐंशी हजार रुपये साठ दिवसांत भरल्यास उरलेलं कर्ज व व्याज माफ करून खातं बंद करण्यात येईल. आप्पांनी तारीख पाहिली. मुदत सरून तीन आठवडे झाले होते.

आप्पांचा हिशोब तोंडपाठ होता. सतरा महिने, सहा हजार. एक लाख दोन हजार. खातं ज्यात बंद होत होतं त्याहून जास्त पैसे त्यांच्या खिशातून गेले होते.

"आमच्या कंपनीचे वकील तुमच्याशी बोलत होते ना?" त्यांनी विचारलं. विचारतानाच त्यांना उत्तर कळलं होतं.

"कोणी नाही बोललं, काका. एक फोन नाही, एक पत्र नाही. आणि मध्ये कोणी लागतच नाही हो. तुम्ही स्वतः शाखेत आला असतात, तरी आम्ही बसून हेच केलं असतं. फुकट."

मग तिनं खालच्या आवाजात सांगितलं, की फाईल आता वकिलाकडे गेली आहे, रक्कम व्याजासकट सव्वातीन लाखांच्या वर आहे. पुढच्या लोकअदालतीला ती पुन्हा नाव घालून बघेल, पण शब्द देत नाही. जाताना ती चारही पाकिटं ठेवून गेली. आप्पांनी ते चारही शेरे पुन्हा वाचले. एवढं चांगलं अक्षर कशाला काढलं, असं त्यांना उगाचच वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते निघाले. नंदुरबारला बस बदलून विसरवाडीला उतरले तेव्हा उन्हं टळटळीत होती, हायवेवर ट्रकांची रांग. नवनीत गाळ्यातच होता. "या मामा, या," करत उठून पुढे आला. इतक्या वर्षांच्या सवयीनं आप्पांची पाठ वाकायला लागली आणि अर्ध्यातच थांबली. ते तसेच खुर्चीवर बसले.

आधी पैशांचं विचारलं. नवनीतनं मोबाईलवर खातं उघडून दाखवलं. शिल्लक एकतीस हजार. बाकीचे? पहिल्या सहा महिन्यांचे पूर्ण कंपनीच्या फीमध्ये, पुढच्या प्रत्येक हप्त्यातला तिसरा भाग सेवाशुल्क, वर नोंदणी, वर वकील राखीव. सगळं त्या नऊ पानांत लिहिलेलं आहे, तुम्ही सही केली आहे, असं त्यानं अगदी मऊ आवाजात सांगितलं. आणि हे एकतीस? ते काढायचे तर तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. नियम कंपनीचा, त्याच्या हातात काही नाही. आप्पा ऐकत होते. पैसे गेले हे त्यांना बसमध्येच कळून चुकलं होतं. त्यासाठी ते एवढ्या लांब आलेच नव्हते.

खिशातून तिसरं पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"हाई पाकिटना फोटो मी तुले धाडा व्हता. यामा काय शे, तुले माहीत व्हतं का?"

नवनीतनं पाकिटावर नजर टाकली. नाही म्हणाला असता तर आप्पांनी विश्वास ठेवला असता. खरं सांगायचं तर ते 'नाही' ऐकायलाच ते आले होते.

"व्हतं, मामा," तो म्हणाला. "दुसरासले बी तसंच पाकीट उनं. त्यासनी फोडं, बँकमा गयात, खातं बंद करी उनात. मन्हा हातमा काय ऱ्हायनं? वरतून कंपनी माले इचारस, गिऱ्हाईक कसं सुटनं म्हनी."

केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे आप्पांना बासष्टाव्या वर्षी समजलं. तोंडातून निघालं ते एवढंच:

"दोन वरीस तू मन्हा घरमा जेवना रे. कौसानी तुले भरवं."

नवनीतची मान खाली गेली, पण क्षणभरच. मग त्यानं खुर्ची जवळ ओढली. म्हणाला, तोही अडकला आहे, गाळ्याचं भाडं आहे, कंपनीचा आकडा पुरा करावा लागतो. पण मामांचं नुकसान तो भरून देईल. एक मार्ग आहे.

"कोना घरले बँकनं पाकीट जास, हाई तुम्हलेच माहीत, मामा. फक्त नावं सांगत चला. लोकेसना तुम्हवर इस्वास शे. एक वरीसमा तुमना बठा पैसा, एकूनएक रुपया, मी फेडी देसू."

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. आणि लाज वाटावी अशी गोष्ट ही, की नावं त्यांच्या डोळ्यांसमोर आलीच. एकतीस वर्षांचा डाकसेवक. कुणाच्या दारात काय येतं ते त्याला नाही तर कुणाला ठाऊक असणार? पाच नावं तर नुसती गेल्या महिन्यातली. पाच नावं सांगायची आणि कौसाबाईंचं म्हातारपण निभावून न्यायचं. पंखा गरगरत होता. बाहेर नवापूरकडे जाणारी बस हॉर्न देत होती.

ते उठले. पाकीट उचलून खिशात घातलं. नवनीत "मामा, चहा ते ल्या," म्हणत दारापर्यंत आला, पण ते थांबले नाहीत.

घरी कौसाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, नवनीतनं शेवटी काय मागितलं तेही. कौसाबाईंनी काठी बाजूला ठेवली. रडल्या त्या पैशांसाठी नाही. आपण त्या पोराला काय कमी केलं, एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

पुढच्या आठवड्यात थैलीत त्याच बँकेचं तसलंच पातळ रजिस्टर पाकीट आलं. इंद्रसिंगच्या नावाचं. इंद्रसिंग खासगी शाळेत शिपाई, दोन लेकरं, दीड वर्षापासून हप्ते थकलेले. आप्पांची सायकल दारात दिसली तसा तो आतच थबकला. मग बाहेर येऊन हात जोडून म्हणाला, घरी नाही असं लिहून टाका.

आप्पांनी सायकल भिंतीला टेकवली आणि ओट्यावर बसले.

"फोड," ते म्हणाले. "मन्हासमोर फोड."

त्यांचा तसला आवाज गावात कुणी ऐकला नव्हता. इंद्रसिंगनं पाकीट फोडलं, पान उलटंसुलटं केलं आणि आप्पांच्याच हातात दिलं. आप्पांनी चष्मा पुसून सगळं वाचून दाखवलं, एकही ओळ न गाळता. बेचाळीस हजार, साठ दिवस, बाकी माफ. मध्ये कुणाला घालू नको, शहाद्याच्या शाखेत जा, यामिनी वळवी नावाच्या बाईंना विचार, पैसे भरलेस की खातं बंद झाल्याचा कागद घेतल्याशिवाय उठू नको, हेही त्यांनी सांगितलं. इंद्रसिंगची बायको दारात येऊन उभी होती. तिनं मंगळसूत्राला हात लावला, मग नवऱ्याकडे पाहिलं. हे जमण्यासारखं आहे, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

इंद्रसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते बाहीनं पुसलं आणि थोडा हसला.

"आप्पा, अशी चिठ्ठी बठा लोकेसले येस का?"

"येस."

"आन् कोनी न वाचता परत धाडी दिधी ते?"

आप्पांनी खिशातून सरकारी मोबाईल काढला, सहीची चौकट उघडली आणि त्याच्यापुढे धरली.

"आठे सही कर," ते म्हणाले.