असणार म्हणे

कवळ्या बनवणाऱ्या त्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये त्याला सगळे ‘आगामी’ म्हणायचे. याचं कारण साधं होतं. रस्त्यावर धावणाऱ्या मोटरसायकलींची माहिती कुणालाही असते, त्याला मात्र अजून न आलेल्यांची असायची. कुठली कंपनी कुठलं इंजिन तपासून बघतेय, ओळखू येऊ नये म्हणून काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या कागदात गुंडाळलेली गाडी कुणाला कुठल्या चढावर दिसली, तिचा सायलेन्सर बघता तिच्यात किती दम असावा, हे सगळं तो मेणाच्या हिरड्या कोरता कोरता सांगत बसायचा. समोर पॉलिशच्या चाकावर बसणारा पॉलिशवाला हा त्याचा कायमचा श्रोता. चाकाच्या आवाजात त्याला निम्मं ऐकू यायचं नाही, पण मान डोलवण्यात त्याने कधी कसूर केली नाही.

आगामी स्वतः मात्र एका म्हाताऱ्या गाडीवरून कामाला यायचा. तिला लाथा घातल्याशिवाय ती जागची हलत नसे, आणि एकदा सुरू झाली की बंद पडू नये म्हणून तो सिग्नललाही तिच्याशी गोडीगुलाबीने वागायचा. नवी घ्यायचं चाललंच होतं. पण आज घेतली आणि पुढच्या महिन्यात नवं मॉडेल आलं तर? त्याच्या बायकोने या प्रश्नाला उत्तर देणं कधीच सोडून दिलं होतं.

एका सुट्टीच्या दुपारी त्याची धाकटी बहीण घरी आली. ती घरोघर जाऊन लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे हलते करण्याचं काम करायची. खांद्याला मशिनची जड पिशवी, त्यात रबरी पट्टे आणि एक फुगवायचा चेंडू. तिचे बरेचसे पेशंट टेकडीवरच्या नव्या वस्तीत राहायचे. बस टेकडीच्या पायथ्याशी सोडायची आणि पुढे सगळा खडीचा चढ.

“दादा, मला मोटरसायकल घ्यायचीय,” ती म्हणाली.

“स्कूटर घे की.”

“मला मोटरसायकल हवीय.”

“अगं, पण स्कूटरला काय झालंय?”

“काही नाही झालं. मला मोटरसायकल हवीय.”

आईने आतून विचारलं, “काय म्हणतेय ती?” आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, “घेईलच.”

दोघं शोरूममध्ये गेली. धाकटी उंचीने जेमतेम. लहानपणी आगामी तिला ‘बसकी’ म्हणून चिडवायचा आणि ती त्याला चावायची. शोरूममधल्या एकेका गाडीवर ती चढून बसली. हात हँडलला पोचायचे, नजर समोर बसायची, पण पाय दोन्हीकडे झुल्यावरच्या पोरासारखे लोंबत राहायचे. एका बाजूला कलून अंगठा टेकवला तर दुसरा पाय पार हवेत. शोरूमवाला बिचारा सभ्य होता. हसला नाही. “मॅडम, स्कूटर दाखवू का?” एवढंच म्हणाला. धाकटी खाली उतरली आणि पिशवी खांद्याला लावून बसस्टॉपकडे चालू लागली.

त्या संध्याकाळी आगामीच्या मोबाइलवर, मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये एक फोटो आला. पेट्रोलपंपावर उभी असलेली, नक्षीच्या कागदात गुंडाळलेली एक गाडी. फोटो इतका धूसर होता की ती गाडी आहे हेसुद्धा विश्वासावर घ्यावं लागत होतं. लगेच सगळ्यांची बोटं चालू झाली. कुणाला तिच्यात सहावा गिअर दिसला, कुणाला रिव्हर्स, तर कुणाला तापणारी हँडलं. आगामीच्या डोळ्यांपुढून धाकटीचे लोंबते पाय हलत नव्हते. त्याने लिहिलं, ‘या गाडीला बसकी सीट असायला हवी. गाडी थांबली की सीट आपोआप खाली बसणार, निघाली की वर येणार.’ पाठवण्याआधी त्याने ते पुन्हा वाचलं. असायला हवी, असं तर प्रत्येकाचंच काही ना काही असतं. कोण वाचतंय? त्याने ‘असायला हवी’ पुसलं आणि ‘असणार म्हणे’ असं लिहिलं.

‘म्हणे’ या शब्दाचं बरं असतं. कोण म्हणे, हे कुणी विचारत नाही.

थोड्याच दिवसांत कुणीतरी त्या सीटचं चित्र काढलं. त्यावर लाल बाण, खाली येणारा आणि वर जाणारा. मग एका व्हिडिओवाल्याने चष्मा सारखा करत सांगितलं, “आमच्या खात्रीलायक सूत्रांकडून कळलंय, बसकी सीट नक्की येतेय.” आणि एका सकाळी पॉलिशवाल्याने आपणहून चाक थांबवलं, जे तो फारसं कधी करत नसे.

“तुला ठाऊक नसेल,” तो म्हणाला, “पण नव्या गाडीला बसकी सीट आहे.”

आगामीने ‘अरे, ते मीच’ म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं. हातातली कवळी त्याने उजेडात धरून उगाचच फिरवून पाहिली. आपण लिहिलं खरं, पण कंपनीची माणसं हे ग्रुप वाचत असतीलच ना? त्यांना कल्पना पटली असेल. किंवा त्यांच्याकडे ती आधीपासूनच असेल आणि आपला तीर नेमका लागला असेल. इतके लोक सांगतायत म्हणजे काहीतरी असेलच. दुपारपर्यंत त्याला शंका होती. संध्याकाळी कुलूप लावताना ती राहिली नव्हती. आपल्याच हाताने पेरलेली अफवा त्याने बातमी म्हणून घरी नेली.

त्याने धाकटीला फोन केला. “थांब जरा. तुझ्यासाठीच बनवल्यासारखी गाडी येतेय.”

“मी घेतच होते रे एक,” ती म्हणाली. तिच्या एका पेशंट आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांची जुनी, छोटी, बुटकी मोटरसायकल शेडमध्ये पडून होती. धाकटी तिच्यावर बसून बघून आली होती. टाचा नाही, पण चवडे टेकत होते. “आजोबा म्हणाले, ने. तुझ्यामुळे निदान काठीवर तरी चालतोय.”

“जुनी कशाला गं? आज ना उद्या कुरकुरणार. माझी बघतेस ना?”

“नक्की येतेय ती नवी?”

“घोडामैदान जवळच आहे,” आगामी म्हणाला. “मी सांगतोय ना.”

धाकटीने आजोबांना नको म्हणून सांगितलं.

मग ती थांबली. थांबली म्हणजे बसली नाही, चालत राहिली. पायथ्याशी उतरायचं, जड पिशवी घेऊन खडीवरून चढायचं, घामाघूम होऊन दुसऱ्याचा गुडघा वाकवायचा. वरच्या गल्लीतल्या एका बाईंनी दुसरी मुलगी लावली, कारण धाकटीला यायला उशीर व्हायचा. धाकटीने हे जेवताना सहज सांगितलं. आगामीने पानातलं संपवलं आणि म्हणाला, “आता थोडेच दिवस.”

गाडी बाहेर आली त्या दुपारी लॅबमध्ये कामं तशी अडली होती, पण आगामीने मोबाइल प्लास्टरच्या एका जबड्याला टेकवून उभा केला होता. पॉलिशवाला खुर्ची ओढून शेजारी बसला. मोबाइलमध्ये धूर सोडला, दिवे फिरवले, पडदा ओढला. गाडी देखणी होती. नवे रंग होते, मोठा दिवा होता, फोन चार्ज करायची सोय होती. सीट आधीच्या मॉडेलपेक्षा दोन बोटं उंच होती. कंपनीच्या माणसाने तेही अभिमानाने सांगितलं. उंच बसलं की लांबचं दिसतं म्हणाला.

शेवटी प्रश्न घेतले. समोर बसलेल्यांपैकी एकाने बसक्या सीटचं विचारलं. कंपनीचा माणूस हसला. “हे आम्हीही बरेच दिवस ऐकतोय,” तो म्हणाला. “कल्पना चांगली आहे. फक्त ती आमची नाही. कुणाची आहे ते कळलं तर त्यांना चहाला बोलवू.”

तिथले सगळे हसले. पॉलिशवालाही हसला. मग त्याला आगामीचा चेहरा दिसला.

“काय रे? तुला नव्हती ना घ्यायची?”

“नाही,” आगामी म्हणाला आणि मेण तापवायला उठला.

त्याने ग्रुपवर खरं काय ते लिहून टाकलं: ती सीट माझ्याच डोक्यातली होती, कुठूनही ऐकलेली नव्हती. कुणी रागावेल, शिव्या घालेल अशी त्याची तयारी होती. पण तिघांनी उलट उत्तर दिलं की छे, आम्ही तर तुमच्याही आधी ऐकलं होतं. एकाच्या चुलत्याने ती कारखान्यात डोळ्यांनी बघितली होती. आगामी पुढे काही लिहिण्याच्या भानगडीत पडला नाही.

संध्याकाळी तो टेकडीच्या पायथ्याशी बसस्टॉपवर जाऊन उभा राहिला. धाकटी वरून उतरताना दिसली. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत, पाय आडवे टाकत. त्याने पिशवी घेतली.

“बघितलं मी,” ती म्हणाली. “दोन बोटं उंच.”

“अगं, ती बसकी सीट…”

“तुझी होती. माहितीय.”

त्याने पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

“दादा, बसकी म्हणणारा माणूस जगात एकच आहे. व्हिडिओत तो चष्मेवाला बोलला तेव्हाच ओळखलं.”

“मग थांबलीस कशाला?”

धाकटीने चपलेतला खडा झटकला. “मला वाटलं, तुझं कंपनीत कुणी ओळखीचं असेल. तू त्यांना सांगितलं असशील, माझ्या बहिणीचे पाय पोचत नाहीत म्हणून. इतकं खात्रीने सांगत होतास.”

ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. बस आली आणि गेली. दोघंही चढली नाहीत.

“आजोबांची गाडी?” त्याने शेवटी विचारलं.

“विकली. पुतण्याने नेली.”

पुढच्या सुट्टीला ती पुन्हा शोरूममध्ये गेली. त्याला न सांगता, एका मैत्रिणीला घेऊन. आधीच्याच मॉडेलची, जुन्या सीटची गाडी तिने पसंत केली आणि घेतली. मैत्रिणीने चालवत घरापर्यंत आणली. आगामीला हे आईकडून कळलं. त्याला लागलं. सगळं गाव त्याला विचारतं आणि सख्ख्या बहिणीने विचारू नये. पण हे बोलून दाखवायला त्याला तोंड नव्हतं. तो तसाच तिच्या दारात गेला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “सीट कापून घेऊ. मला एकजण माहीत आहे.”

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. “माहीत आहे की म्हणे?”

“माहीत आहे.”

सीटवाल्याचं दुकान म्हणजे एक शिलाई मशिन, फोमचे ढीग आणि भिंतीला टांगलेली रेक्झिनची कातडी. त्याने धाकटीला गाडीवर बसवलं, मागे जाऊन डोळा बारीक करून बघितलं आणि सीटच्या कडांवर खडूने रेघा ओढल्या.

“आवाज नको, ऐकून घ्या,” तो म्हणाला. दुकानात आवाज कुणीच करत नव्हतं. “मऊ बसायचं की पाय टेकायचे? दोन्ही मिळत नाही.”

“पाय,” धाकटी म्हणाली.

त्याने मधला फोम करवतीच्या पात्याने उडवला, मांड्यांकडच्या बाजू तासून अरुंद केल्या. धाकटी बसली. अजून अंतर होतं. आगामी जमिनीवर पोटावर आडवा झाला. कवळी वर-खाली नीट मिळते का, हे बघायला त्याच्या खिशात पातळ कागदाच्या पट्ट्या असायच्या. त्यातली एक त्याने तिच्या चवड्याखालून सरकवली. पट्टी निघून आली.

“अजून थोडं. या बाजूने,” तो खालून म्हणाला.

“तुम्ही काय काम करता?” सीटवाल्याने विचारलं.

“दात.”

सीटवाल्याने जरा विचार केला आणि पुन्हा पातं उचललं. तीनदा असं झाल्यावर पट्टी अडकली. आगामीने ओढली तर फाटली. धाकटीचे दोन्ही चवडे टेकले होते. खाली सीट पाटासारखी झाली होती. “लागतेय,” ती म्हणाली, “पण लागू दे.”

मोकळ्या मैदानात तिने सराव केला, क्लचची दांडी बोटांच्या टोकांनी ओढत. आगामी रोज सकाळी तिच्या मागे धावायचा, नंतर नुसताच उभा राहायचा. मग एके दिवशी ती पिशवी मागे बांधून एकटीच टेकडीवर गेली. आईने दुपारपर्यंत काही खाल्लं नाही. धाकटी परत आली तेव्हा आई म्हणाली, “आलीस? मला वाटलंच येशील.”

दोनच आठवडे झाले असतील. आगामी कवळीत दात बसवत होता, तेव्हा तिचा फोन आला. “दादा, पडलेय. लागलं नाही. गाडी उचलवत नाहीये.”

तो तसाच निघाला. त्याची म्हातारी त्या दिवशी पहिल्याच लाथेत सुरू झाली. वरच्या गल्लीच्या वळणावर गाडी आडवी पडली होती आणि धाकटी शेजारी दगडावर बसून तळहातातले खडे काढत होती. पँट गुडघ्यावर मळली होती, फाटली नव्हती.

“पाय नाही टेकला?” त्याने विचारलं.

“टेकला ना. चांगला टेकला. ज्याच्यावर टेकला तेच सरकलं.”

त्याने खडीकडे पाहिलं. यावर कुठल्या कंपनीने काय करावं, हे त्यालाही सुचेना. दोघांनी मिळून गाडी उभी केली. त्याने आरसा सरळ केला, चाक फिरवून पाहिलं. क्लचची दांडी आतल्या बाजूला वाकली होती.

“ही बदलून घेऊ. आजच,” तो म्हणाला.

धाकटीने गाडीवर बसून मूठ धरली, दांडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

“राहू दे,” ती म्हणाली. “आता बोटं पोचतात.”

आणि पेशंट वाट बघत असेल म्हणून तिने गाडी सुरू केली.